बाळाचे श्वास कसे मोजायचे आणि आलेला आकडा कसा वाचायचा

प्रश्न एका आईचा आहे. बाळ सात महिन्यांचं. दोन दिवस सर्दी आहे, काल रात्रीपासून १०१ ताप. बाळ झोपलेलं असताना तिने श्वास मोजले तेव्हा ४२ भरले. संध्याकाळी रडून झाल्यावर मोजले तर ५८. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९६ आणि १३८ असे दोन आकडे दिसले. सासूबाई म्हणतात, "पोट उडतंय, छाती भरलीय." यातला खरा आकडा कोणता, आणि आत्ताच दवाखाना गाठायचा का?

ताई, आधी थेट उत्तर देतो. तुमच्या आकड्यांपैकी झोपेतला ४२ हा धरण्यासारखा आहे, आणि तापातल्या सात महिन्यांच्या बाळाला तो चालण्यासारखा आहे. ५८ हा रडण्याने फुगलेला आकडा. तो सोडून द्या आणि बाळ शांत झाल्यावर नव्याने मोजा. १३८ हा श्वासाचा आकडा नाहीच, ती नाडी आहे. बाळ नीट पीत असेल, मधूनमधून हसत-खेळत असेल, छातीची खालची कड आत ओढली जात नसेल, तर आज रात्री घरी लक्ष ठेवायला हरकत नाही. उद्या मात्र तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. शांत बाळात पूर्ण मिनिट मोजून ५० किंवा जास्त भरले, तर उद्याची वाट न बघता आजच दाखवायचं.

आता सविस्तर सांगतो, कारण ही मोजणी प्रत्येक घरात यायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही ती डॉक्टरपेक्षा चांगली करू शकता, हेही खरं आहे. आमच्या तपासणीच्या खोलीत येईपर्यंत बाळ अनोळखी चेहरे बघून, वजनकाट्यावर ठेवलं गेल्याने, बाहेरच्या गर्दीने रडकुंडीला आलेलं असतं. त्या अवस्थेत मोजलेल्या श्वासांना काही अर्थ नसतो. आईच्या मांडीवर निवांत पडलेलं किंवा झोपलेलं बाळ ही मोजणीची सर्वांत योग्य जागा आहे, आणि ती जागा आमच्याकडे नसते.

मोजण्याची वेळ निवडण्यातच निम्मं काम झालेलं असतं. बाळ रडत असेल, दूध पीत असेल, नुकतंच पोटभर पिऊन झालं असेल किंवा ताप चढत असताना थरथरत असेल, तर थांबा. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाईनचे दोन-दोन थेंब घालून नाक मोकळं करा आणि थोड्या वेळाने मोजा. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नुसत्या चोंदलेल्या नाकानेही त्याची धडपड वाढते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला दुपट्यात आवळून गुंडाळायची पद्धत आहे. मोजण्याआधी ते सोडा. आवळलेल्या दुपट्यात पोटाची हालचाल दिसत नाही आणि उकाड्याने श्वासही वाढतात.

मग झबलं छातीपर्यंत वर घ्या. उजेड बाजूने पडेल असं बसा, कारण तिरप्या उजेडात हालचाल ठळक दिसते. मोबाईलवर एका मिनिटाचा गजर लावा. घड्याळाच्या काट्याकडे बघत मोजायला गेलं की नजर छातीवरून हटते आणि एक-दोन श्वास निसटतात. पोट किंवा छातीची खालची बाजू, जी जास्त स्पष्ट हलते ती एकच जागा धरा. वर आली की एक, पुन्हा वर आली की दोन. वर-खाली मिळून एकच श्वास होतो. वर जाणं एक आणि खाली येणं दुसरा असं मोजणारे पालक मला नेहमी भेटतात. एखादे वडील घाबरून "डॉक्टर, नव्वद भरतात" असा फोन करतात, तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारतो. हात लावू नका. थंड हाताचा स्पर्श झाला की श्वास लगेच बदलतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला तर मोजतोय हे सांगायचंसुद्धा नाही. कळलं की ते मुद्दाम खोल खोल श्वास घेऊ लागतं. गोष्ट सांगा, हातात चित्रांचं पुस्तक द्या आणि तुम्ही गुपचूप मोजा.

पूर्ण मिनिटच मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं मोठ्या माणसाच्या नाडीला ठीक, लहान मुलाच्या श्वासाला नाही. पंधरा सेकंदांत एक श्वास चुकला तर मिनिटाच्या आकड्यात चारचा फरक पडतो. ४८ आणि ५२ यांच्यात निर्णय बदलतो, तिथे चार म्हणजे फार झाले. शिवाय लहान बाळाचा श्वास एका लयीत चालतच नाही. बाळ भराभर दहा-बारा श्वास घेतं, मग जरा मंद होतं, उसासा टाकतं. या चढउताराची सरासरी मिनिटभरानेच मिळते.

नवजात बाळात तर हे इतकं ठळक असतं की नवे आईबाप हादरून जातात. बाळ भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. झोपेत हे जास्त दिसतं. रंग गुलाबी असेल, अंग ढिलं पडत नसेल, तर हा त्या वयाचा स्वभाव आहे आणि काही महिन्यांत तो आपोआप जातो. वीस सेकंद किंवा जास्त थांबलं, किंवा कमी वेळ थांबलं तरी ओठ निळसर झाले किंवा अंग लुळं पडलं, तर मात्र रुग्णालयातच जायचं. या चंचल श्वासामुळे दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले, तर लगेच दुसऱ्यांदा पूर्ण मिनिट मोजायचे असा नियम आहे. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आले तर ते खरं मानायचं, आणि त्या वयात घरी थांबायचं नाही.

श्वास जलद मानायच्या रेषा तीन आहेत, त्या पाठ करून ठेवा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. म्हणजे वाढदिवस झाला की रेषा बदलते. ४४ श्वास घेणारं अकरा महिन्यांचं मूल जलद श्वासाच्या व्याख्येत बसत नाही, आणि तेवढेच श्वास घेणारं चौदा महिन्यांचं मूल बसतं. पाच वर्षांपुढे श्वास हळूहळू वीसच्या आसपास येतात. शांत बसलेलं शाळकरी मूल तिशीच्या वर जाऊ लागलं तर मी ते गंभीरपणे घेतो.

हे आकडे आले कुठून, हे कळलं की त्यांच्या मर्यादाही कळतात. पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका गावात फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खोकला घेऊन येणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. क्ष-किरण यंत्र नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी आरोग्यसेवकाने न्यूमोनिया ओळखायचा कशावरून, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर श्वासाच्या वेगात सापडलं. आधी सगळ्या लहान मुलांना ५० हीच रेषा लावली जात होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार तीन रेषा केल्या.

आणि ही पद्धत खेड्यापाड्यांत खरोखर चालते, हे दाखवण्यात आपल्या गडचिरोलीचा मोठा वाटा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या माणसांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. अनेक सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी एक साधं साधन बनवलं गेलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या, एक तान्ह्या बाळासाठी आणि एक मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला तर न्यूमोनिया समजायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने मण्यांवर न्यूमोनिया ओळखला आणि मूल वाचवलं, याचं मला आजही अप्रूप आणि आदर वाटतो. आज तुमच्या गावातली आशाताई नवजात बाळाला भेटायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्यामागे गडचिरोलीतलंच पुढचं काम आहे. त्या भेटीत तिला श्वास मोजू द्या, आणि तिच्या शेजारी बसून तुम्हीही शिका.

आता मर्यादा. या रेषा मुद्दाम जरा खाली ओढलेल्या आहेत, म्हणजे खरा न्यूमोनिया निसटू नये. त्यामुळे रेषेच्या वर गेलेल्या प्रत्येक मुलाला न्यूमोनिया असतोच असं नाही. ताप स्वतःच श्वास वाढवतो, दर अंश सेल्सिअसमागे साधारण दोन ते चार. म्हणून शक्य असेल तर वजनानुसार ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल देऊन, तासाभराने ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. ताप उतरल्यावरही श्वास तेवढेच राहिले तर कारण छातीत आहे असं धरायला जागा आहे. वर्ष-दोन वर्षांच्या आतल्या मुलांत पावसाळ्यात आणि थंडीत ब्रॉन्किओलायटिस फार दिसतो. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना विषाणूमुळे सूज येते, श्वास साठ-सत्तरपर्यंत जातात, छाती सुईसुई वाजते. सर्दी सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो सर्वांत जोरात असतो. तुमचं बाळ दुसऱ्या दिवशी आहे, म्हणून पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून कागदावर लिहा. या आजारात प्रतिजैविकाचा उपयोग नाही. डॉक्टरांनी ते दिलं नाही तर नाराज होऊ नका. गरज असते ती बाळ पिऊ शकतंय की नाही आणि प्राणवायू पुरतोय की नाही हे बघण्याची.

श्वास का वाढतात? न्यूमोनियात फुप्फुसात द्रव साचतो आणि ते ताठर होतं. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, तसं ताठर फुप्फुस फुगवायला जोर लागतो. खोल श्वास घेण्यापेक्षा उथळ पण भराभर घेणं बाळाच्या शरीराला परवडतं. त्यातच बाळाच्या बरगड्या मऊ असतात. जोर वाढला की श्वास घेताना छातीची खालची कड, जिथे बरगड्या संपून पोट सुरू होतं तिथे, आत खेचली जाते.

हे लक्षण मला आकड्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, आणि सासूबाईंच्या ‘पोट उडतंय’चं उत्तरही इथेच आहे. निरोगी बाळाचं पोटसुद्धा दर श्वासाला वर-खाली होतं. मोठ्या माणसाच्या बरगड्या तिरक्या असतात, बाळाच्या जवळजवळ आडव्या. छाती फुगवून हवा घ्यायची सोय त्याला कमी असते, म्हणून सगळं काम श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्यावर येतं. ते खाली सरकलं की पोट वर येतं. तेव्हा नुसतं पोट हलणं हा आजार नाही. बघायचं हे की, श्वास आत जाताना पोट वर येतंय त्याच वेळी छातीची खालची कडही बाहेर येतेय का. दोन्ही बाहेर आली तर ठीक. पोट बाहेर आणि छातीची कड आत, असा झोका दर श्वासाला दिसू लागला तर बाळ थकत चाललंय आणि डॉक्टर हवेत. हेही बाळ शांत असतानाच बघायचं, कारण जोरात रडताना निरोगी बाळाचीही कड आत जाऊ शकते. दोन बरगड्यांमधली कातडी जराशी आत जाणं किंवा गळ्याखालची खळगी हलणं हे त्यापेक्षा कमी गंभीर, पण डॉक्टरांना सांगण्यासारखं.

पोट उडतंय म्हणून पोटावर इलाज करण्याचा प्रकार आपल्याकडे अजून संपलेला नाही. मेळघाटातून तान्ह्या बाळांच्या पोटाला तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या आजही येतात. त्या आयांना दोष देऊन काही होणार नाही. बाळाला त्रास होतोय हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं, पण अनेकदा दुखणं छातीत असतं आणि इलाज पोटावर होतो, आणि त्यात जाणारा वेळ बाळाला परवडणारा नसतो. शहरातल्या सुशिक्षित घरांतही नाकात तेल सोडणं, छातीला उग्र बाम चोळणं, न्हाऊ घातल्यावर ओवा-वेखंडाची धुरी देणं चालतं. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून स्वतंत्र न्यूमोनिया करू शकतं, आणि धुराने आधीच सुजलेल्या नळ्या आणखी आवळतात. हे सगळं बंद ठेवा. सासूबाईंना शेजारी बसवून हीच मोजणी दाखवा. बाळावर बारीक लक्ष असणारं आणखी एक माणूस घरात असणं ही जमेची बाजू आहे.

आकडा कितीही आला तरी काही खुणा दिसल्या की मोजत बसायचं नाही. बाळ अंगावर पिऊ शकत नाही, किंवा दोन घोट घेऊन दमून सोडून देतं. पोटात गेलेलं सगळं उलटून टाकतं. झटका येतो. उठवूनही नीट जागं होत नाही. ओठ किंवा जीभ निळी-करडी दिसते. दर उच्छ्वासाला कण्हल्यासारखा ‘ऊं’ आवाज येतो. फुप्फुस मिटू नये म्हणून बाळ घसा अर्धवट बंद करून हवा अडवत असतं, ही त्याची शेवटच्या टप्प्यातली झुंज समजा. शांत पडलेलं असतानाही श्वास आत घेताना घर्र असा कर्कश आवाज येतो. श्वासागणिक मान हलते, नाकपुड्या फुलतात. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या बालरुग्णालयात निघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ताप किंवा अंग गार पडणं हेही त्याच यादीत आहे.

भराभर चाललेला श्वास अचानक मंद झाला, ७० वरून २५ वर आला आणि बाळ मलूल पडलं, तर ती सुधारणा नव्हे. स्नायू थकून हरले आहेत. बरं होणाऱ्या बाळाचा श्वास हळूहळू उतरतो आणि त्याबरोबर त्याची भूक आणि नजर परत येते.

ऑक्सिमीटरबद्दल. बाजारात मिळणारी चिमट्याची यंत्रं मोठ्या माणसाच्या बोटासाठी असतात. सात महिन्यांच्या बाळाच्या बोटाला ती नीट बसत नाहीत, आणि बाळाने हात हलवला की आकडा खोटा येतो. दवाखान्यात पावलाला गुंडाळायची छोटी पट्टी वापरतात, तिच्यावर विश्वास ठेवा. ९० च्या खालचा आकडा म्हणजे रुग्णालय, यात वाद नाही. पण ९६ आला म्हणून निर्धास्तही होऊ नका. बाळ प्राणवायूची पातळी राखण्यासाठीच श्वास वाढवतं, त्यामुळे श्वास आधी वाढतो आणि पातळी नंतर घसरते.

खोकला-सर्दी काहीच नसताना श्वास जलद असतील तर विचार वेगळ्या दिशेने करायचा. जुलाबाने सुकलेलं मूल किंवा मधुमेह सुरू झालेलं पण अजून न ओळखलेलं मूल खोल आणि भराभर श्वास घेतं, कारण रक्तातलं आम्ल वाढलेलं असतं. दूध पिताना कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही आणि श्वास कायम जलद, असं असेल तर हृदय तपासावं लागतं. खेळता खेळता अचानक ठसका लागून धाप सुरू झाली तर शेंगदाणा किंवा मणी श्वासनळीत गेला असण्याची शक्यता आधी धरायची. कोकणात विंचू चावलेल्या मुलाला घाम फुटून धाप लागली तर तो विषाचा हृदयावर आणि फुप्फुसावर झालेला परिणाम असतो, तिथे एक मिनिटही दवडायचं नाही.

एक काम बाळ बरं झाल्यावर करा. ते धडधाकट असताना, झोपेत एकदा आणि जागेपणी शांत असताना एकदा, श्वास मोजून लसीकरणाच्या कार्डावर तारखेसह लिहून ठेवा. वर्षापर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी नवा आकडा लिहा. एखाद्या बाळाचा झोपेतला नेहमीचा आकडा २८ असतो, एखाद्याचा ३८. यातल्या २८ वाल्या बाळाचे ४६ झाले तर ते रेषेच्या आत असूनही मी कान टवकारतो. असा लिहिलेला आकडा घेऊन येणारी आई मला फार मोलाची माहिती देते. तसंच श्वास वेगळा वाटला तर झबलं वर करून, छाती-पोट दोन्ही दिसतील असं, एक मिनिटाचं चित्रीकरण मोबाईलवर करून ठेवा. दवाखान्यात बाळ रडत असलं तरी मी त्यावरून मोजू शकतो. आणि तुमच्या कार्डावर न्यूमोकोकल लसीचे सहा आणि चौदा आठवड्यांचे डोस झालेत का ते बघा. तिसरा नवव्या महिन्यात आहे, तो चुकवू नका.

उद्या डॉक्टरांनी न्यूमोनिया ठरवून तोंडावाटे औषध दिलं तर तीच मोजणी पुढेही चालू ठेवा. औषध लागू पडत असेल तर दोन ते तीन दिवसांत श्वास उतरायला लागतात, ताप कमी होतो, बाळ आधीपेक्षा बरं पितं. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो, त्यावरून औषधाची पारख करू नका. तिसऱ्या दिवशीही शांत बाळाचे श्वास पन्नासच्या वरच राहिले, तर लिहिलेले आकडे घेऊन परत जा. उतरले, तरी बाळ टुणटुणीत दिसतंय म्हणून बाटली मध्येच बंद करू नका. सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा.